कोरालीचे पाय

नोलीनने पायांच्या फुगलेल्या शिरांना इंजेक्शनं घेतली, ती कोरालीचे पाय बघून. समुद्राकाठच्या तलावावर दोघी वीस वर्षं रोज सकाळी पोहायच्या. कोरालीने हा उपचार आधीच करून घेतला होता आणि तिचे पाय एकसारखे तांबूस, कुठे डाग म्हणून नाही. "घाबरतेस काय बये, मुंगी चावल्यासारखं होतं," ती म्हणायची.

शिरा गेल्या खऱ्या, पण त्यांच्या जागी तपकिरी रेघा उठल्या. वर्ष उलटलं तरी हटेनात. नोलीनने पोहणं सोडलं, जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, लांब पँट घालून हिंडू लागली. "तुझी कातडीच नाजूक गं," कोराली हळहळायची. नोलीनलाही ते पटलं आणि तिने स्वतःच्याच अंगाला दोष दिला.

शेवटी तिने लेझरने डाग घालवायचं ठरवलं. कोरालीला मुद्दामच सांगितलं नाही. स्वच्छ पाय घेऊन एकदम तलावावर उतरायचं होतं. फोनवर नर्सने बजावलं, "पाय तांबूस दिसायला खोटा टॅन, म्हणजे कातडीला लावायचा रंग, लावत असाल तर घासून काढून या. त्या रंगावर लेझर मारला की कातडी भाजते."

"मी नाही बाई लावत. लग्नाला नटताना नाही की घोड्यांच्या शर्यतींना जाताना नाही," नोलीन म्हणाली.

दवाखान्यात पाऊल टाकलं, तर समोर कोराली. अर्धी चड्डी, घासून लाल झालेले पाय, आणि त्यांवर त्याच तपकिरी रेघा.

"हे कधीपासून?"

"इंजेक्शनं घेतली तेव्हापासून." कोरालीची मान खाली. "लेझरने डाग जरा फिके झालेत."

म्हणजे खांदा दुखतोय म्हणून ही मधूनमधून पोहायला यायची नाही, ती रंग काढून इथे लेझरला येत होती. "मग मला इंजेक्शनं घ्यायला का पाठवलंस?"

"एकटीला लाज वाटायची गं. वाटलं, तुझेही पाय असे झाले तर दोघी मिळून..."

"मिळून? माझे झाले, आणि तू रंग चोपडत राहिलीस."

परक्याने फसवलं असतं तर नोलीन भांडली असती. हिने केसाने गळा कापला होता. नर्सने नोलीनचं नाव पुकारलं, तेव्हा ती दारातून बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवशी ती पोहायच्या कपड्यांत तलावावर आली. पायरीवर कोराली लांब पँट घालून बसली होती. खांदा दुखतोय, असं रोज पोहायला येणाऱ्या म्हाताऱ्या मर्व्हला सांगत होती.

"अगं नोलीन, पायांना काय झालं?" मर्व्हने विचारलं.

"कोरालीला विचार. पँट वर करून दाखवेल ती."

आणि मागे न बघता ती पाण्यात उतरली.