दारात सान रोक्को

“पापा, बाहीत हात घाला ना. ऐकू येतोय का बँड? मागच्या गल्लीत आलेत ते!”

कालोजेरोंनी धड असलेला डावा हात पोटाशी घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ओर्सोलाने तो ढगळ सुती सदरा तिसऱ्यांदा उलगडला. पुढे बटणांऐवजी चिकटपट्ट्या होत्या. घालायला सोपा, धुवायला सोपा. तिने मुद्दाम शोधून आणला होता.

पक्षाघात झाल्यापासून आठ महिने ती त्यांना न्हाऊ घालत होती, भरवत होती, कूस बदलून देत होती. दवाखान्यातली नोकरीही तिने अर्ध्या वेळेवर आणली होती. ब्रुकलिनच्या या इटालियन गल्लीत दर ऑगस्टला आजाऱ्यांचा संत सान रोक्को याची मिरवणूक निघे, आणि मिरवणुकीच्या मंडळातला कुणी आजारी असला की खांद्यावरची मूर्ती त्याच्या दारासमोर थांबे. कालोजेरोंनी चाळीस वर्षं खांदा दिला होता. पण आजाऱ्यानेही दारात यायला हवं. नाही आला, तर तो आता उठत नाही, असं लोक समजून जात. आज पापा बाहेर पडले नाहीत तर पुन्हा कधीच पडणार नाहीत, हे ओर्सोलाला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर ओळखीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि कालोजेरोंचं तोंड भिंतीकडून वळलं.

ओर्सोलाने सदरा पलंगावर आपटला. तिच्या पावलांच्या आवाजाने ते तोंड आठ महिन्यांत एकदाही वळलं नव्हतं.

सांतिनो आत आला. तिचा धाकटा भाऊ, पंचवीस वर्षांचा. केस जेल लावून उभे केलेले, टॅनिंगच्या दिव्याखाली झोपून कातडीवर आणलेला तांबूस रंग, गुळगुळीत छातीवर सोन्याची साखळी. आठवड्यातून एकदा उगवायचा.

“राजपुत्राच्या भुवया कोरून झाल्या वाटतं?”

“झाल्या. तुझ्याही कोरून देऊ? हातात हात घालून चालल्यात बिचाऱ्या.”

टीव्हीवर समुद्रकिनाऱ्यावरच्या असल्याच इटालियन पोरांची मालिका लागल्यापासून दवाखान्यातल्या मुली दंड फुगवून त्यांच्या नकला करत. “तुझा भाऊ असाच का गं?” त्यांनी एकदा विचारलं होतं. “अगदी असाच! डोक्यावर जेल, डोक्यात हवा,” ओर्सोला म्हणाली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं होतं.

सांतिनोने सदरा चिमटीत उचलला. “हे घालून नेणार होतीस? ओर्सी, हा पेशंटचा सदरा आहे.”

“मग पेशंटच आहेत ते!”

कालोजेरोंनी डोळे मिटून घेतले. बोललेलं गिळता आलं असतं तर ओर्सोलाने गिळलं असतं.

सांतिनो स्वयंपाकघरात गेला. त्याने गरम पाण्याचं भांडं आणलं, बापाच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि फेस लावायला लागला. “हनुवटी वर, साहेब. बाहेर बायका रांगेत उभ्या आहेत.”

कालोजेरो वाकड्या तोंडाने हसले. चक्क आवाज करून. ब्लेड जरासं घसरावं, असं ओर्सोलाच्या मनात आलं. खरंच आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

दाढी झाली, कानातले केस निघाले, तेल लावून भांग पडला. मग सांतिनोने कपाटातून क्रीम रंगाचा सूट काढला. कालोजेरो गिलावा करणारे गवंडी. सहा दिवस नखशिखांत धुळीत, पण रविवारी हा सूट चढवून हमरस्त्यावर सावकाश फिरायचे. “सहा दिवस लोकांना चुना दिसतो,” ते म्हणत, “आज त्यांनी मला बघावं.”

“लुळा हात जाणार नाही त्यात,” ओर्सोला म्हणाली.

सांतिनोने स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि कोट पाठीमागून थेट कॉलरपर्यंत उभा चिरला.

“अरे, पापांच्या लग्नातला कोट तो!”

“पुढून कुणाला दिसतंय?”

दोन अर्धे दोन बाजूंनी चढवले. पुढून कोट नवा कोरा. कालोजेरोंनी आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दाराकडे बोट केलं.

कालोजेरोंना खुर्चीत बसवून ती दाराबाहेरच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी ठेवली आणि सांतिनो मूर्तीला खांदा द्यायला धावला. तो जाताच कालोजेरो उजवीकडे कलायला लागले. ओर्सोलाच्या अंगावर कालचं सूप सांडलेला टीशर्ट होता. ती खुर्चीमागे गुडघ्यांवर बसली आणि खुर्चीच्या दांड्यांमधून हात घालून कोटाच्या चिरेतून पाठीला तळवा लावला.

मूर्ती थांबली. “कालोजेरो! अरे, नवरदेव दिसतोस!” मंडळाचे अध्यक्ष पुलीझी ओरडले. “पोराने बापाला काय सजवलंय बघा!”

“मुलगा असावा तर असा,” कुणी बाई म्हणाली.

ओर्सोलाचे कान तापले. आठ महिने, तिच्या मनात आलं, आठ महिने मी केलं. आणि यांना दिसला अर्ध्या तासाचा भांग. तिने ओठ चावून तळवा आणखी दाबला.

बँड वाजला. कालोजेरोंनी डावा हात उंचावला. आणि तळव्याला जाणवलं, भार येतच नव्हता. घामेजल्या शर्टाखाली पाठ थरथरत होती, पण आपली आपण ताठ होती.

बँड पुढच्या दाराकडे सरकला. ओर्सोलाने हात काढला नाही.