खाली घ्या

डॉक्टरांनी ग्यानबांचा उजवा हात मनगटाला धरून कानापर्यंत वर नेला.

"आता मी सोडतो. तुम्ही तसाच धरून ठेवा, बाबा."

त्यांनी सोडला. हात थेट खाली आला आणि मांडीवर आपटला. ग्यानबांनी ओठ आवळले.

"पुन्हा करू का?"

"नको, समजलं." डॉक्टर भुजंग खुर्चीत बसले. "कधीपासून आहे हे?"

"खांदा दिला तवापासून."

डॉक्टरांनी चंदाकडे पाहिलं.

"माझी माय गेली," चंदा म्हणाली. "दोन महिने झाले. वाटेत चिखल होता. आबांनी शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही."

हे वाक्य आता तिला न अडखळता बोलता येत होतं. गावात, पिंगळीतही, सगळ्यांना हेच ठाऊक होतं. बायकोला खांदा देताना नवऱ्याचा खांदा गेला, यात कुणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

चंदा परभणीला, कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. माय गेल्यापासून तिला कथा-कादंबऱ्या वाचवत नव्हत्या. खांद्याविषयी मात्र वाचता येत होतं. दोन महिन्यांत तिने अकरा शोधनिबंध वाचले होते आणि वहीत समोरासमोर दोन रकाने आखले होते. तिने वही टेबलावर ठेवली.

"मला दोन ओळींच्या टाक्यांचं ऑपरेशन करायचंय. खांद्याची तुटलेली शीर एकाच ओळीत हाडाला शिवली, तर मोठी फाट पुन्हा उसवण्याचं प्रमाण जास्त आहे. दोन ओळींत शीर हाडावर रुंद दाबून बसते. फक्त, दोन वर्षांनी हात किती उचलला जातो हे मोजलं, तर दोन्हींत फारसा फरक निघत नाही. ते मला नीट कळलं नाही."

"मलाही नाही कळलं, मॅडम. अन् मी बारा वर्षं हेच करायलोय."

ग्यानबा मान वळवून ऐकत होते. "म्हंजी पोत्यावानीच की. येक शिवण का दोन."

"अगदी तसंच, बाबा."

"अन् पोतंच इरलेलं असलं तर? मग दोन शिवणीचं आधी फाटतंय. दाभणाची भोकंच वाढत जात्यात."

डॉक्टर मोठ्याने हसले. "मॅडम, हे आहे का तुमच्या वहीत?"

वहीत होतं. सातव्या निबंधात. ते समजून घ्यायला तिला आठवडा लागला होता.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. पेनाच्या टोकाने त्यांनी एक काळी रेघ दाखवली.

"ही शीर. हाडापाशी हवी होती, ती इथवर आखडून गेलीय. हा तिचा स्नायू. यात जे पांढरं दिसतंय ना, ती चरबी. निम्म्याहून जास्त." ते थांबले. "दोन महिन्यांत असं होत नाही. दीड-दोन वर्षं तरी झालीत याला. बाबा, काय शिवायचं, शिवायचं की नाही, सगळं यावर आहे. खरं सांगा, कधी लागलं?"

ग्यानबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"चंदे, तू जरा भाईर थांब."

"आबा, मी—"

"थांब म्हनलं ना."

बाहेर म्हणजे एका हिरव्या पडद्यापलीकडे. बाकावर हाताला प्लास्टर घातलेली एक बाई बसली होती. तिने सरकून जागा केली. चंदा उभीच राहिली.

"तिच्या अंगावरून वारं गेलं," आत ग्यानबा सांगत होते. "त्याला सा महिनं झाले असतील तवा. दोन वर्सं होतील आता. बाजेवरनं उचलून परसाकडं नेत होतो. खांद्यात टरकन वाजलं, धोतर फाटावं तसं. तिलाबी ऐकू गेलं."

"तेव्हाच का नाही आलात?"

"पोरीला कळलं असतं, तर तिनं मायला हिकडं परभनीला आनलं असतं. चुकीचं न्हाई, पन आमी दोघंबी तयार नव्हतो. मग काय, डाव्यावर भार घेऊन उचलायचो. उजवा नुसता खालनं लावायचा. तिला समजायचं. उचलली की म्हनायची, खाली घ्या, खाली घ्या."

चंदाने पडद्याची कड धरली.

आजारानंतर मायच्या जिभेवर जे थोडे शब्द राहिले होते, त्यांतले हे दोन. रविवारी चंदा गेली की दारातच ते ऐकू यायचे. गावात माणसाला खाली घेतात ते एकदाच. जीव जाताना अंथरुणावरून काढून जमिनीवर. माय मरण मागते आहे, असं चंदाला वाटलं होतं. ती रागावली होती. "असलं अभद्र बोलायचं असेल तर मी येणार नाही," असं म्हणाली होती, आणि पुढचे तीन रविवार खरंच गेली नव्हती.

"मी म्हनायचो, दुखत न्हाई, गप ऱ्हा. रोजचंच झालं होतं ते," ग्यानबा म्हणाले. "त्या दिवशीबी म्हनली. पहाटं. खाली घ्या. मला वाटलं, रोजचंच. दुखत न्हाई म्हनलो अन् धरून ठेवली. घट धरली. ती त्या दिशी माझ्या खांद्याचं बोलत नव्हती, डॉक्टर."

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अधांतरीच गेली. मागनं घोंगडी हातरून ठेवली खाली. लोकायला काय सांगू?"

त्या दुपारी चंदा पोहोचली तेव्हा माय घोंगडीवर होती, तोंडात तुळशीचं पान होतं. शेजारच्या तानुबाईने चंदाला कवटाळून म्हटलं होतं, "तुझ्या आबानं येळंवर खाली घेतली गं, लय पुन्यवान." दोन महिने चंदा त्या वाक्यावर झोपत होती.

"या मॅडम," डॉक्टरांनी हाक मारली.

ती आत गेली आणि मघाच्याच खुर्चीवर बसली. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. लिहिण्यासारखं फार नसावं.

"एक ओळ की दोन, हा प्रश्न आता राहिला नाही. टाका धरणार नाही. पाठीचा एक स्नायू तिथं आणून बसवता येतो, पण या वयात मी ते सांगणार नाही. दुर्बिणीतून आत साफ करता येईल, शीर जेवढी पुढं येईल तेवढी बांधता येईल. हात वर जाणार नाही. ठणका कमी होईल, झोप लागेल."

"मला नको," ग्यानबा म्हणाले.

"तारीख द्या," चंदा म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि दहा तारीख लिहिली.

सदरा घालताना तिने आधी त्यांचा उजवा हात बाहीत घातला, मग डावा. गुंड्या लावल्या. ग्यानबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हनलं का भाईर कुनी?"

"एका बाईनं जागा दिली बसायला."

रिक्षा स्टेशनच्या दिशेने निघाली.

"टाका टिकत न्हाई म्हनला ना त्यो?" ग्यानबांनी विचारलं.

"नाही टिकणार."

"मग कशाला चिरायचं?"

"दुखायचं कमी होईल, आबा."

ग्यानबांनी डावा तळवा उजव्या खांद्यावर ठेवला, आणि तो तिथून काढला नाही.

"अन् ते कमी झाल्यावर मी काय करू? तिचं तेवढंच तर ऱ्हायलंय."

चंदा पुढे वाकली. "दादा, जरा सावकाश चालवा."

"रस्ता तर नवाकोरा हाय की, ताई," रिक्षावाला म्हणाला. पण त्याने वेग कमी केला.