मागे कुणीच नाही

फोनवरच काकांनी सांगून टाकलं, “तुम्ही चौथ्या. आधीचे तिघे ‘रिसीव्हर भंगारात काढा’ म्हणून गेलेत.”

“मग पाचवं कुणी लागणार नाही,” मी म्हटलं. वीस वर्षं मी घरोघरी होम थिएटर जोडून देतेय. लोक मला वायरवाली म्हणतात. एवढी फुशारकी मला शोभते.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन, काकू निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. सहा वर्षांपूर्वी काकूंची दृष्टी पूर्ण गेली, पण सिनेमा सुटला नाही. काका पडद्यावरचं सांगायचे, बाकीचं त्या कानांनी बघायच्या. त्यासाठीच खोलीत पाच स्पीकर होते. तीन समोर, दोन सोफ्याच्या मागे. कपाटात बारा वर्षांचा रिसीव्हर, चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरांकडे वाटून देणारं जडशीळ धूड. मुलीनं हौसेनं नवा टीव्ही आणि सिनेमे दाखवणारा नवा बॉक्स पाठवला आणि तेव्हापासून घरातला सिनेमा बंद पडला.

“नुसते डोळे मिचकावतो,” काका टीव्हीकडे हात करून म्हणाले. खरंच, क्षणभर चित्र यायचं आणि पडदा काळा व्हायचा.

“मला अर्धं वाक्य ऐकू येतं,” काकू म्हणाल्या. “नायिका ‘मी तुला’ म्हणते आणि लाइन कट.”

मी बॉक्स थेट टीव्हीला जोडला. चित्र आरशासारखं स्वच्छ. मग त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर रिसीव्हरला लावला. तोही ठणठणीत, पाचही स्पीकर सुरू. म्हणजे बिघाड कशातच नव्हता. नव्या बॉक्सचं आणि जुन्या रिसीव्हरचं एकमेकांशी पटत नव्हतं, इतकंच.

“सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून बॉक्स चित्र सोडण्याआधी परवलीचा शब्द विचारतो,” मी सांगितलं. “नव्या बॉक्सचा शब्द नवा आहे. तुमच्या रिसीव्हरला जुनाच ठाऊक.”

“मग त्याला नवा शिकवा.”

“या वयात तो शिकायचा नाही.”

“आमच्याकडेही एक आहेत तसे,” काकू म्हणाल्या. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उपाय साधा होता. चित्र रिसीव्हरकडे न्यायचंच नाही. बॉक्स टीव्हीला जोडला आणि फक्त आवाज टीव्हीकडून दुसऱ्या केबलनं रिसीव्हरला परत पाठवला. दोन्हीकडे तशी सोय होती, चालू तेवढी करायची होती. चित्र टिकलं, आवाज आला. काकांनी टाळी वाजवली. मी केबलींची भेंडोळी पिशवीत भरायला घेतली.

“मागे कुणीच नाही,” काकू म्हणाल्या.

मी सोफ्यामागच्या स्पीकरला कान लावला. गप्प. रिमोटवरचं एक बटण दाबल्यावर पाचही एकदम बोलायला लागले.

“आले की!” काका म्हणाले.

“छे. पाचही तोंडं एकच बोलताहेत. रस्त्यावरची गाडी समोरून जाते, तीच माझ्या डोक्यामागूनही जाते. असं कुठे असतं का?”

त्यांचं बरोबर होतं. टीव्ही दोनच स्पीकरांचा आवाज पाठवत होता आणि रिसीव्हर तोच पाच ठिकाणी उगाळत होता. डोळस गिऱ्हाईक असतं तर मी हसत घरी गेले असते, आणि तेही खूश राहिलं असतं.

पिशवी बाजूला ठेवली आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. आवाज पाठवण्याची पद्धत कारखान्यातूनच साधी लावून दिलेली होती. ती बदलली. बॉक्सलाही जुना, रिसीव्हरला कळेल असा पाच वाटांचा आवाज काढायला लावला. सिनेमा पुन्हा सुरू केला.

काकूंनी झटकन मान वळवली. “उजवीकडे, मागे. दार उघडलं. बाई आहे, टाचांचे बूट घातलेत.”

“बाईच आहे,” काका म्हणाले. “पण हिचे ओठ आवाजाच्या मागून हलतात.”

“ते तुमचं तुम्ही बघा, माझं काही अडत नाही,” असं काकू म्हणाल्या, तरी मी रिसीव्हरमध्ये आवाज चिमूटभर उशिरा सोडला. ओठ जुळले. दोघं शेजारी शेजारी बसली आणि मी खोलीत आहे हे पाचव्या मिनिटाला विसरली.

जिना उतरताना माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. एक दातांचे डॉक्टर महिनाभर माझ्या मागे लागले होते. सगळी सामग्री नवी, मीच जोडून दिलेली, तरी “मजा येत नाही” ही एकच तक्रार. मी दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते. पायरीवरूनच वळले आणि पुन्हा बेल वाजवली.

“काकू, उद्या माझ्याबरोबर एका घरी येता?”

“ती कशी येणार?” काका म्हणाले.

“गाडीत बसून,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांकडे त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या आणि बातम्या लावायला सांगितल्या. निवेदिकेचं तिसरं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, “ही बाई समोर हवी. ही तर दोन्ही भिंतींना पसरलीय, आणि पोकळ.”

मला एकदम उमगलं. डावा स्पीकर ओढून बघितला, तर मागच्या दोन तारा उलटसुलट. उजवा हवा पुढे ढकलायचा तेव्हा हा मागे ओढायचा. मी जोडल्या तेव्हा सरळ होत्या. फरशी पुसताना निघाल्या म्हणून आपणच परत खोचल्या, असं डॉक्टरांनी कबूल केलं. तारांची अदलाबदल केली आणि आवाज नेमका मध्ये येऊन उभा राहिला.

“तुम्ही इंजिनिअर का?” डॉक्टरांनी काकूंना विचारलं.

“नाही. मला ऐकू येतं.”

आता मंगळवारी आणि शुक्रवारी काकू माझ्याबरोबर असतात. परवा एका नव्याकोऱ्या बंगल्यात मालकानं त्यांना आधी पाणी विचारलं, मग मला म्हणाला, “यांना इथेच बसवून ठेवू का?”

“यांनाच तर आणलंय,” मी म्हटलं. “मी नुसत्या तारा धरते.”