होल्टनला जाऊन आलेला कमरपट्टा

मित्रांनो, आजकाल माझ्या जातीचे फारसे कोणी उरलेले नाही, त्यामुळे ओळख मलाच करून द्यावी लागते. मी पैसे ठेवायचा एक जुना कापडी कमरपट्टा आहे. परदेशी जाताना शर्टाच्या आत पोटावर बांधायचा. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या लुनेनबर्ग गावात, एका खणात, नाताळच्या दिव्यांच्या माळेखाली मी पडून असतो. माळेला वर्षातून एकदा तरी बाहेरची हवा मिळते. माझे तसे नाही.

माझा जन्म १९७१ सालच्या मार्च महिन्यातला. व्हर्ना क्राउजने गादीची खोळ शिवून उरलेल्या निळ्या-पांढऱ्या जाड कापडातून मला बेतले. तीन कप्पे केले, त्यांना जुन्या कोटाची बटणे लावली आणि मधल्या कप्प्याच्या आत आणखी एक चिमुकला चोरकप्पा शिवला. शेजारची ओपल झिंक चहाला आली होती. ती मला उलटसुलट करून बघत म्हणाली, "अगं, एवढा खटाटोप कशाला? माझी आई सगळे पैसे छातीशी ठेवून बॉस्टनला जायची. कोणाची हिंमत नव्हती हात लावायची." व्हर्ना हसली, पण तिने टाके घालणे थांबवले नाही. मला तिचा तोच गुण आवडायचा. ती सगळ्यांचे ऐकायची आणि करायचे तेच करायची.

तिला जायचे होते हॉलंडला. तिचा धाकटा भाऊ लेलंड दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या एप्रिलमध्ये तिकडे लढताना पडला. एकोणीस वर्षांचा होता. होल्टन नावाच्या गावाजवळ त्याला पुरले होते. एकदा तिथे जाऊन यावे म्हणून त्यांच्या आईने आयुष्यभर जीव टाकला, पण तिचे जाणे झाले नाही. "तू तरी जाऊन ये," एवढेच ती शेवटी व्हर्नाला म्हणाली होती. व्हर्नाने पाच वर्षे लोकांचे पडदे शिवून पैसे साठवले, तेव्हा कुठे एका प्रवासी मंडळाच्या सहलीत तिचे आणि नवऱ्याचे नाव लागले.

आता नवऱ्याविषयी. वेंडेल माणूस सरळ, पण भलताच शिस्तीचा. मासळीच्या कारखान्यात तो वजनकाट्यावर कारकून होता. सकाळी होड्या लागल्या की कोळ्यांची झुंबड उडायची, म्हणून तो आधीच बसून शंभरेक पावत्यांवर सह्या करून ठेवायचा. मग आकडा टाकायचा आणि पावती फाडून द्यायची. त्याच्यामुळे कोणाला कधी ताटकळावे लागले नाही, याचा त्याला मोठा अभिमान होता.

त्या काळी परदेशी जाणारी माणसे बँकेतून ट्रॅव्हलर्स चेक घेत. त्यावर वरची सही बँकेतच करायची आणि खालची सही, जो पैसे देणार त्याच्या डोळ्यांदेखत करायची. दोन्ही सह्या जुळल्या की पैसे मिळत. बँकेतल्या मुलीने वेंडेलला हे दोनदा सांगितले होते. पण निघायच्या आदल्या दिवशी हा गडी जेवणाच्या टेबलावर बसला, चष्मा पुसला आणि सगळ्या चेकांवर खालच्या सह्याही ठोकून मोकळा झाला. तिकडे रांगेत वेळ जायला नको, म्हणे. मी समोरच पडलो होतो. मला बोलता येत नाही याचे इतके वाईट त्याआधी कधी वाटले नव्हते.

त्याच संध्याकाळी व्हर्नाने बिस्किटांच्या डब्यातून अमेरिकन नोटा काढल्या. आमच्या गावात घरोघरी असा एक डबा असतो. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या मेन राज्यात कोणी ना कोणी नातेवाईक असतोच, आणि तिकडून येताना उरलेल्या नोटा पुढच्या खेपेसाठी त्यात टाकतात. वेंडेलने ते पाहिले आणि त्याची करमणूक झाली. "हॉलंडला अमेरिकन नोटा? मग बर्फ खरवडायचं फावडंही घे की बरोबर." व्हर्नाने त्या डब्यात परत ठेवल्यासारखे केले आणि तो झोपल्यावर माझ्या चोरकप्प्यात घालून वरून टाका मारला. अकरा डॉलर होते.

सहलीचे पहिले सहा दिवस छान गेले. जेवणखाण, बस, राहणे, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले होते. मी वेंडेलच्या पोटावर ऐटीत बसलो होतो. शेवटचा शनिवार-रविवार मोकळा होता. बाकीची मंडळी पॅरिस बघायला गेली. व्हर्नाने शनिवार लेलंडसाठी ठेवला होता आणि सोमवारी पहाटे परतीचे विमान होते.

शनिवारी सकाळी अॅमस्टरडॅमच्या स्टेशनवर वेंडेलने पैसे बदलायच्या खिडकीत चेक सरकवला. आतल्या तरुणाने तो पाहिला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. मग तो नम्रपणे म्हणाला, की खालची सही त्याच्यासमोर झालेली नाही, म्हणून तो पैसे देऊ शकत नाही. सोमवारी मोठ्या बँकेत जाऊन विचारावे. वेंडेलने पासपोर्ट दाखवला, कागदावर चार वेळा सही करून दाखवली. तो तरुण मान हलवत राहिला. त्याचेही चुकले नव्हते.

वेंडेल बाजूला येऊन बाकावर बसला. सव्वीस वर्षे वाट बघितलेली कबर आगगाडीने दोन-अडीच तासांवर होती आणि खिशात तिकिटापुरतेही पैसे नव्हते. मित्रांनो, व्हर्ना रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

तिने फक्त हात पुढे केला. "पट्टा सोड."

"रिकामा आहे गं तो."

"सोड म्हणते ना."

तिने केसांतली पिन काढली, चोरकप्प्याचा टाका उसवला आणि अकरा डॉलर त्या खिडकीत ठेवले. तरुणाने ते काही न विचारता बदलून दिले. येण्याजाण्याची दोन तिकिटे आणि एक साधा फुलांचा गुच्छ एवढे झाले, आणि शेवटी तिथल्या चलनातले अडीच गिल्डरचे एक नाणे उरले. वेंडेल म्हणत होता, तू एकटी जा, मी इथे बसतो, तेवढंच तुला नीट जेवता येईल. व्हर्ना म्हणाली, "आईला मी काय सांगू, नवऱ्याला स्टेशनवर सोडून आले?" आई जाऊन पाच वर्षे झाली होती, पण वेंडेल उठला.

होल्टनला उतरून ती दोघे टेकडी चढून चालत गेली. आता मी व्हर्नाच्या कमरेला होतो. दफनभूमीच्या दाराशी येणाऱ्यांनी सही करायची वही होती. वेंडेलचा हात सवयीने पेनाकडे गेला. व्हर्ना हळूच म्हणाली, "आधी त्याला भेटून तर ये." त्याने पेन खाली ठेवले. पाइनच्या झाडांमध्ये एकसारखे पांढरे दगड होते. लेलंडचा सापडायला बराच वेळ लागला. व्हर्ना त्याच्यापाशी बसली, आईने पाठवले आहे, असे तिने त्याला मोठ्याने सांगितले आणि मग ती रडली. मी तिला घट्ट धरून होतो. माझ्या आयुष्यात मी सांभाळलेली ती सगळ्यात मोठी ठेव.

परतताना दोघांच्या पोटात सकाळच्या न्याहारीशिवाय काही नव्हते. व्हर्नाने ते उरलेले नाणे वेंडेलला दिले आणि स्टेशनवरून काहीतरी खायला आण म्हणाली. तो गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. तिच्या शेजारी बसून त्याने नाणे माझ्या चोरकप्प्यात सरकवले.

"भूक नाही मला," तो म्हणाला. "थोडं बाजूला असलेलं बरं."

घरी आल्यावर बँकेने सगळे चेक तीन महिन्यांनी का होईना, मान्य केले. पुढे मी त्यांच्यासोबत पोर्तुगालला गेलो, मेक्सिकोला गेलो. चेकांवरची खालच्या सहीची जागा कोरी असायची, थोडी रोकड वेगळी असायची, आणि मला शिवणाऱ्या व्हर्नाचे कौतुक वेंडेल भेटेल त्याला ऐकवायचा. माझे खरे चांगले दिवस ते. मग कार्डे आली, मी खणात गेलो. नऊ वर्षांपूर्वी वेंडेलही गेला.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात ट्रुडी युरोपला निघाली. व्हर्नाने मला बाहेर काढले. ट्रुडी मला बघून हसली, आजी, आता सगळं फोनवर असतं गं, म्हणाली. मग कप्पा चाचपताना तिला ते नाणे लागले. तिने फोनवर शोधून सांगितले, की हे आता कुठेच चालत नाही, बँकही बदलून देत नाही.

"माहीत आहे मला," व्हर्ना म्हणाली. "तुझ्या आजोबांचं जेवण आहे ते."

ट्रुडीने नाणे परत आत सरकवले आणि मला कमरेला बांधून बघितले. तिला मी सैल होतो. व्हर्नाने सुईत दोरा ओवायला दिला, तिचे हात आता थरथरतात. चार टाके ट्रुडीने वाकडेतिकडेच घातले, पण मी तिच्या पोटावर नीट बसलो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखा एखादा जुना पट्टा, बटवा, पाकीट असेल. टाकून देणार असाल तर माझे काही म्हणणे नाही, आम्ही जागा अडवतो हे खरे. पण टाकण्याआधी आतला कप्पा एकदा हाताने चाचपा, आणि काही लागलेच, तर ते कोणी आणि कशासाठी बाजूला ठेवले होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते असेपर्यंत विचारून घ्या.