झीज न होणारा लेप

टाचणीला टाचणी म्हणत ते तिच्या अंगकाठीवरून. प्रबंधही तिने सुईवरच लिहावा हा निव्वळ योगायोग. डोळ्यांना न दिसणारी एक सुई, म्हणजे टिप, धातूवर दिलेल्या पातळ लेपावर घासायची, मग त्याच टिपेने लेप चाचपून चित्र काढायचं आणि अणूंच्या मापात किती झीज झाली ते सांगायचं. तिच्या लेपाची झीज होतच नव्हती. या निकालावर दुसऱ्या शहरातली नोकरी पक्की झाली होती. आज पदवी पदरात पडली की ती सुटणार होती.

नव्या टिपा तिच्या मार्गदर्शक सरांच्या कपाटात, कुलपात. मागायला गेलं की सर चारचौघांत म्हणत, "पुन्हा मोडलीस? हात आहेत की हातोडे?" शेवटी तिने मागणंच सोडलं आणि एकाच टिपेवर महिनोन्‌महिने भागवलं. तेव्हा सरांनी पाठ थोपटली. त्या शाबासकीवर पोरगी जगत होती, वेडी.

सादरीकरणाला तिचे बाबा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत. तिने पडद्यावर चित्रं दाखवली, बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवत होते. तेवढ्यात सर उठले.

"हे उंचवटे नीट बघ. सगळे तिरपे, सगळ्यांना डावीकडे एकसारखं शेपूट. असं का गं?"

तिने पाहिलं आणि तिला उमगलं. टिप कधीच बोथट झाली होती. ती ओरखड्यांत उतरतच नव्हती, म्हणून लेप गुळगुळीत दिसत होता; आणि प्रत्येक उंचवट्यावर ती आपलंच तुटकं टोक उमटवत होती.

"हा लेपाचा फोटो नाही, टिपेचा आहे," सर परीक्षकांना म्हणाले. "मला पहिल्याच चित्रात कळलं होतं. म्हटलं, बाईसाहेबांना कधी कळतंय बघू."

"मग आता?" परीक्षकांनी विचारलं.

"आता काय, सगळं पुन्हा. मशीनवर हिच्याइतका कुणाचा हात बसलेला नाही. मी कशाला सोडतोय हिला?"

सगळी खोली हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. टाचणीने आधारासाठी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाबांना टिप, झीज, शेपूट यातलं काही कळलं नव्हतं. सरांना आपल्या मुलीला सोडवत नाही, एवढंच कानावर पडलं होतं. तेही सगळ्यांबरोबर हसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "माझी मुलगी आहे."