टेपची ओळ

देविकानं तिसऱ्यांदा रीसेटचं बटण दाबलं आणि टेबलाखालच्या पत्र्याच्या खोक्यावर उजवा तळहात ठेवला. पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली. मेमरी आहे. कीबोर्ड आहे. छोटी डिस्क आहे. कालच बसवलेलं नेटवर्कचं कार्डही आहे. मग तीच ओळ आली, जी सकाळपासून येत होती. मोठी डिस्क: सापडली नाही.

हाताखाली खोकं थरथरत होतं. म्हणजे आतली डिस्क मेलेली नव्हती. ती होती, आणि यंत्राला सापडत नव्हती.

"जेवून घे गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "वरण निवतंय."

"दहा मिनिटं, आई."

"हो, माहीत आहेत दहा मिनिटं. ह्यांच्याकडूनच शिकलीस."

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून नॉएडाच्या या दोन खोल्यांत आल्यावर श्यामकांत गोडशांनी निवृत्तीचे पैसे पंख्यांत आणि कुलरमध्ये घालण्याऐवजी एक जुना कॉम्प्युटर जमवला होता. छोटी डिस्क नवी होती, तिच्यावर यंत्र चालवणारी प्रणाली. मोठी डिस्क ऑफिसच्या लिलावातली, तिच्या स्वतंत्र पत्र्याच्या खोक्यासकट आणलेली. तिच्यात सहाशे बारा माणसं होती: नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. ज्या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं त्यांच्या घरच्यांना बाबा दर शनिवारी फोन करून सांगत, सोमवारी अमका येईल, त्याला सरबत पाजा.

काल शनिवार होता. फोन कुणी केले नव्हते.

आज अकरा वाजता हणमंतचा फोन आला. लक्ष्मीबाई नगरात त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारा, खात्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. त्याची सुरुची आठ वर्षांची होती.

"ताई, दुःखाच्या घरी इचारू नये. पण पोरीचं हिमोग्लोबिन पाचावर आलंय. उद्या नऊला न्यायचंय. ओ निगेटिव्ह माणूस पायजे एक. काका आधीच सांगून ठेवायचे बघा." मग थोडं थांबून, "तुमच्या कॉम्प्युटरात हाय न्हवं सगळं?"

"आहे," देविका म्हणाली होती.

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. आत होतंच सगळं.

चूक तिची होती, आणि ती ज्या प्रकारची होती त्याची तिला लाज वाटत होती. बंगलोरला ती हेच काम करायची. कर्नल, म्हणजे यंत्र चालू झाल्यावर सगळ्यांत आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा गाभा. त्यात कोणत्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, ठेवायचा, कोणता गाळायचा, याची एक यादी असते. यादीतल्या प्रत्येकाला कर्नल सुरुवातीला हाक मारतो: आहेस का? जो ओ देतो तो धरला जातो, बाकीचे सोडून कर्नल पुढे जातो. सगळी नावं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, कुठल्याशा संस्थेकडे सोपवायची आणि मंगळवारी आईला घेऊन बंगलोरच्या गाडीत बसायचं, असा देविकाचा बेत होता. दोन तिकिटं देवापाशी ठेवलेली होती. त्यासाठी नेटवर्कच्या कार्डाचा ड्रायव्हर लागणार होता. तो यादीत घालताना तिनं बाबांची यादी वाचली आणि सवयीनं साफसफाई केली. चौदा ओळी काढल्या. साउंड कार्ड, जॉयस्टिक, दुसरं पोर्ट, जे यंत्रात नव्हतंच ते सगळं.

नवा कर्नल बसवताना जुना आपोआप बाजूला राहतो. पण एकच. काल तिनं बसवला, लगेच कार्डाचा क्रमांक चुकल्याचं लक्षात आलं, दुरुस्त करून तिनं पुन्हा बसवला. बाजूला राहिला तो तिचाच चुकलेला. बाबांचा चालता कर्नल पुसला गेला. नव्यानं रुजू झालेल्यांना पहिल्या दिवशी ती हेच सांगायची: दुसऱ्यांदा बसवण्याआधी जुना वेगळ्या नावानं ठेवा.

नेटवर्कचं कार्ड डिस्कच्या आड येतंय असं समजून तिनं ते सकाळी उपसून पाहिलं होतं. काही फरक पडला नाही. केबल बदलली. नाही. उरल्या त्या चौदा ओळी. सगळ्या परत घालायला ती धजावत नव्हती. दोन ड्रायव्हर एकाच पत्त्यावर हाका मारायला गेले तर यंत्र जागीच गोठतं. शिवाय एक कर्नल बांधायला या यंत्राला पावणेदोन तास लागायचे. घड्याळात पावणेएक वाजत होता. तीनला लाइट जायची, पाचला यायची. म्हणजे लाइट जाण्याआधी एकच संधी होती.

आई ताट घेऊन आली आणि कीबोर्डशेजारी जागा करून तिनं ते ठेवलं. पाण्याचा पेला अर्धाच होता.

"टाकी भरली नाही आज," आई म्हणाली. "बादलीतलं आहे, पुरवून वापर."

देविकानं वर पाहिलं नाही. टाकी का भरली नाही ते तिला ठाऊक होतं. पहाटे साडेपाचला नळ गुरगुरला तेव्हा रोजच्यासारखी आईनं हाक मारली होती, "अहो, पाणी आलं!" बाल्कनीतली मोटर लावणं हे बाबांचं काम. सोळा दिवस आई अशीच हाक मारत होती, क्षणभर थांबत होती आणि मग स्वतः जाऊन बटण दाबत होती. आज देविका अंथरुणातूनच म्हणाली होती, "आई, कुणाला हाक मारतेस? नाहीत बाबा. किती दिवस चालणार हे?" आई ओट्याशी बसून राहिली होती. पाणी तासाभरानं गेलं.

"तुझं लगेच आलं की गं," आई पडद्याकडे बघत म्हणाली.

"काय लगेच आलं?"

"हेच. बटण दाबलंस आणि आलं. ह्यांचं नाही यायचं असं. बटण दाबून आत यायचे, ओट्याला टेकून उभे. चहात आलं घातलंस का, साखर किती घातलीस. मी म्हणायचे, लुडबुड नको. तर म्हणे, म्हातारा उठेपर्यंत मला दुसरा उद्योग नाही."

"कोण म्हातारा?"

आईनं पायाच्या अंगठ्यानं पत्र्याचं खोकं दाखवलं. "हा. सरकारी नोकर आहे म्हणायचे, हजेरी झाल्यावर येतो."

देविकाचा घास हातात राहिला. तो ताटात ठेवून तिनं डाव्या हातानं रीसेट दाबलं, तळहात खोक्यावर ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. आधी खोकं शांत झालं. मग आत काहीतरी कण्हलं. अकराव्या सेकंदाला पडद्यावर ओळ आली: सापडली नाही. हाताखालची घरघर अजून चढतच होती. ती स्थिर झाली, एकसुरी झाली, तेव्हा पस्तीस सेकंद झाले होते.

काढलेल्या चौदा ओळींतली एक तिला आठवली. टेपच्या कार्डाची. फायलींच्या प्रती ठेवायचा तो टेप दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता, हे बाबांनीच तिला फोनवर सांगितलं होतं. तरी ओळ होती, आणि तिच्यापुढे, यंत्र वाचत नाही अशा जागी, रोमन अक्षरांत बाबांनी लिहिलं होतं: राहू दे. कारण नाही, तारीख नाही. बाबांचा तो नेहमीचाच शब्द होता. फाटकी छत्री, बंद पडलेलं घड्याळ, सगळ्याला एकच उत्तर. देविकानं ती ओळ हसून काढली होती.

तो ड्रायव्हर हट्टी होता. टेपनं ओ दिली नाही तर तो थांबायचा, पुन्हा हाक मारायचा, पुन्हा थांबायचा, आणि तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही की मगच कर्नलला पुढे जाऊ द्यायचा. तेवढ्या वेळात म्हातारा उठून हजेरीला तयार व्हायचा.

याहून नीटनेटका मार्ग होता. मोठ्या डिस्कसाठी इतके सेकंद थांब, असा आकडा यादीत देता येतो. पण कोणता आकडा? म्हातारा आता पस्तीस घेत होता. उन्हाळ्यात किती, थंडीत किती, रात्रभर बंद राहिल्यावर किती, हे बाबांनी किती सकाळी ओट्याला टेकून मोजलं असेल कोण जाणे. तिनं टेपची ओळ टाइप केली. बोटं थांबली. मग पुढे तिनं ते दोन शब्दही टाइप केले, आणि कर्नल बांधायला लावला. एक वाजायला चार मिनिटं होती.

फायलींची नावं एकेक करून सरकू लागली. देविकानं तेवढ्यात बाबांच्या कपाटातून तीन वर्षांपूर्वीची छापील यादी काढली आणि फोन पुढ्यात ओढला. ओ निगेटिव्ह आठ जण. मधल्या काळात शहरभर नंबर बदलले होते. पहिले तीन फोन एका ध्वनिमुद्रित आवाजानं उचलले: यह नंबर मौजूद नहीं है. चौथा मेरठला गेला होता. पाचव्याला मध्यंतरी कावीळ झाली होती; बायकोनं सांगितलं, उनको तो पीलिया हो गया था, अब खून नहीं दे सकते. सहाव्यानं गेल्या महिन्यातच दिलं होतं. सातवा वाजत राहिला. आठव्या नावावर बाबांनी पेन्सिलीनं काट मारली होती.

अडीच वाजता हणमंतचा पुन्हा फोन आला.

"ताई, गावला का कुनी?"

"बघतेय. तासाभरात सांगते."

"काय घाई न्हाई," तो म्हणाला. मागे टीव्ही चालू होता आणि एक बारीक आवाज विचारत होता, कोन हाय, काका हायत का? हणमंतनं घाईनं फोन ठेवला.

दोन एक्केचाळीसला कर्नल तयार झाला. या वेळी तिनं जुना वेगळ्या नावानं ठेवला, नवा बसवला, आणि वर पाहते तो पंखा मंदावत होता. लाइट गेली होती. वीस मिनिटं आधीच.

यूपीएस किंचाळला. बाबांचा यूपीएस जुना होता. चार मिनिटं, फार तर पाच. देविकानं यंत्र पुन्हा चालू होऊ दिलं.

मेमरी आहे. कीबोर्ड आहे. छोटी डिस्क आहे. टेपचं कार्ड...

पडदा थांबला. कर्सर लुकलुकत राहिला. यूपीएस दर चार सेकंदांनी ओरडत होता. तिच्या कानशिलावरून घाम उतरला. आई दारात येऊन उभी राहिली, हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घ्यायला. तिनं वारा घेतला नाही.

"अडकलं का गं?"

"नाही. हाक मारतोय."

खोक्यात काहीतरी कण्हलं, मग चढत गेलं. पडद्यावर काहीच हललं नाही. देविकानं हात मांडीखाली धरून ठेवले होते, चुकून कशालाही लागू नयेत म्हणून.

टेपचं कार्ड: सापडलं नाही.

आणि त्याच्या खालच्या ओळीत मोठी डिस्क, तिचं नाव, तिचा आकार, एका दमात.

तिनं रक्तदात्यांची यादी उघडली. ओ निगेटिव्ह. तीन महिन्यांपूर्वी दिलेले. चार नावं आली.

"पेन," ती म्हणाली, आणि आईनं पेन तिच्या बोटांत दिलं, वर्तमानपत्राची घडी तिच्यासमोर धरली. देविकानं समासात नंबर लिहिले. चौथ्या नंबरचा शेवटचा आकडा लिहीपर्यंत यूपीएसची ओरड अखंड झाली होती. तिनं यंत्र नीट बंद केलं. खोक्यातली घरघर उतरत उतरत थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरच्या गोळेवाल्याची घंटी ऐकू आली.

पहिला फोन तिनं लगेच लावला. गुणवंत कौर, शाळेत शिकवणाऱ्या, मयूर विहार.

"अंकलजी के यहाँ से?" पलीकडून आवाज आला. "मैं तो कल से बैठी हूँ फोन के पास. उनका शनिवार को आता है ना हमेशा. मेरी बारी थी इस बार. ठीक तो हैं?"

देविकानं कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "मैं उनकी बेटी बोल रही हूँ," ती म्हणाली.

गुणवंत कौरना पुढचं सांगावं लागलं नाही. मग त्यांनी हॉस्पिटल, वेळ, मुलीचं नाव एकामागून एक विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "अगले शनिवार भी आप ही करेंगी फोन, बेटा?"

"मैं बताती हूँ," देविका म्हणाली.

हणमंतला तिनं नाव आणि वेळ सांगितली. तो नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिला. मग म्हणाला, "सरबत करून नेतो."

पाचला लाइट आली. आईनं ताट उचललं. त्यातलं वरण पार गार झालेलं होतं. देविका पडद्यासमोर बसून होती. यंत्र तिनं अजून चालू केलं नव्हतं, आणि लॅपटॉपची तार पिशवीतच होती.

साडेपाचला, संध्याकाळच्या पाण्याच्या वेळी, स्वयंपाकघरातला नळ गुरगुरला.

आई ओट्याशी उभी होती. तिनं नळाकडे पाहिलं आणि कपबशा विसळायला घेतल्या. बाल्कनीतल्या पाइपात पाणी खुळखुळलं, थांबलं, पुन्हा खुळखुळलं.

"आई," देविका म्हणाली.

"ऐकलं मी. लावते मोटर."

पण ती हलली नाही. एक बशी दोनदा पुसून झाली.

देविकानं यंत्राचं बटण दाबलं आणि खुर्ची पडद्याकडे वळवली. आईकडे तिची पाठ झाली.

"मी सकाळी बोलले ना," ती म्हणाली, "ते राहू दे."

मागे काहीच आवाज झाला नाही. बशी ओट्यावर ठेवल्याचाही नाही. देविकानं वळून पाहिलं नाही. पडद्यावर टेपच्या कार्डाला दुसरी हाक चालू होती.

"अहो," आई म्हणाली. आवाज आधी बसका होता, मग रोजचा झाला. "पाणी आलं!"

देविका जागेवरून उठली नाही.

मग चपला फरफटल्या, बाल्कनीचं दार करकरलं, आणि मोटर लागली.