झाकलेला झरोका

मित्रांनो, मी एक जुना गॅसवरचा गिझर आहे आणि मला माझीच भीती वाटते. हसू नका. ज्याच्या पोटात जाळ आहे, त्याने भिऊन राहिलेलेच बरे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा तपासनिसाने मला तीनदा पेटवून पाहिले आणि अंगावर लाल पट्टी चिकटवली, 'हवा खेळती ठेवा.' पुढे एका प्लंबरने मला या भाड्याच्या घरात, न्हाणीघराच्या भिंतीवर टांगले. छताजवळ वीतभर झरोका होता. तो दाखवून प्लंबर घरमालकाला म्हणाला, "साहेब, हा कधी बुजवू नका. गिझरचा वायू डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. माणूस बसल्या जागी आडवा होतो."

मालकाने मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. सगळे त्याला हप्तेराव म्हणत. हे पहिले घर त्याने पदरच्या पैशाने घेतले होते. ते बँकेकडे गहाण ठेवून दुसरे घेतले, दुसऱ्यावर तिसरे. भाडे आले की तसेच हप्त्यात जायचे. एखादे घर महिनाभर रिकामे राहिले तर त्याची झोप उडायची. तरी नळ गळतोय म्हटले की स्वतः पाना घेऊन हजर. "बारा वर्षं झाली, गिझरची एक कुरकुर नाही," असे तो कोणालाही सांगायचा आणि मी फुशारून जायचो.

मग त्याला चौथ्या घराची घाई झाली. त्या कर्जासाठी आधीच्या तिन्ही घरांची किंमत ठरवायला बँकेचा माणूस येणार होता. घर जितके देखणे, तितके कर्ज जास्त, असा हप्तेरावाचा हिशोब. त्याने भिंतींना रंग काढला आणि न्हाणीघरात पांढरेशुभ्र फॉल्स सीलिंग बसवायला घेतले.

सुतार शिडीवरून म्हणाला, "साहेब, इथं झरोका आहे. जागा सोडू का?"

"नको रे, कोळिष्टकं दिसतात त्यातून. घे झाकून. परवा माणूस येतोय."

मी समोरच टांगलेला होतो. मला ओरडून सांगायचे होते, पण मला कुठली जीभ? बँकेचा माणूस आला, मान वर करून "छान केलंय" म्हणाला आणि कागदावर आकडा लिहून गेला. कर्ज मंजूर झाले.

त्या घरात कपडे शिवणारी एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी राहत. आंघोळ करताना मुलगी इतक्या जोरात गायची की आई तिला भोंगा म्हणे. आता रोज सकाळी तिने नळ सोडला की मी थरथरत पेटायचो. माझा श्वास बाहेर जायला वाटच नव्हती, तो त्या लेकराच्या डोक्यावर साचायचा. आईचे डोके दुखू लागले. "पित्त वाढलंय," म्हणून ती गोळी घ्यायची. मित्रांनो, मी विझायची किती धडपड केली म्हणून सांगू! पण नळ सुटला की पेटायचे, एवढेच मला येते.

एका रविवारी भोंग्याने केस धुवायला घेतले. थंडी होती, दार घट्ट लावलेले. दोन गाणी झाली. तिसरे अर्ध्यावर थांबले. पाणी वाहत होते, मी जळत होतो आणि ती फरशीवर पडली होती. एवढा मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

बाहेर शिलाई मशीन थांबले. "भोंग्या, गप्प का झालीस गं?"

आईने दाराला धडका दिल्या, कडी निखळली आणि तिने लेकीला ओढत बाहेर नेले. शेजारी धावले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटे गेली असती तर काही हाती लागले नसते.

दुपारी आई मुलीचे कपडे न्यायला घरी आली, तेव्हा हप्तेराव स्टुलावर चढून छत हातांनीच ओरबाडून काढत होता. त्याची बोटे रक्ताळली होती. "ताई, चुकलो मी," एवढेच तो म्हणाला.

आई कपाटाशी थबकली. "भाऊ, बाकीच्या दोन घरांत कसलं छत बसवलंय?"

तो स्टुलावरून उतरला आणि त्याने खिशातून फोन काढला. तिन्ही घरांत माझ्यासारखेच गिझर होते आणि एकाच आठवड्यात तेच काम झाले होते. एका घरून लगेच फोन उचलला गेला. दुसऱ्या घरात एक आजोबा एकटे राहत. ते उचलेनात. हप्तेराव फरशीवर बसून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. चौथ्या वेळी आवाज आला.

"आंघोळीचं पाणी सोडलंय रे. जरा गरगरतंय, म्हणून दाराशी बसलोय."

"आजोबा, नळ बंद करा आणि घराबाहेर या. फोन ठेवू नका. बोलत राहा माझ्याशी."

आजोबा जिन्यावरच्या मोकळ्या हवेत येईपर्यंत तो बोलत राहिला. मग भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

मला उतरवून गॅलरीत ठेवले आहे. भोंगा तिसऱ्या दिवशी घरी आली. आंघोळीला जाताना ती अजून दार लावून घेत नाही.

मित्रांनो, मला पुसून लख्ख नाही केले तरी चालेल. पण आज आंघोळीला जाण्याआधी मान वर करून झरोका उघडा आहे का ते पाहा. आणि आत गाणारे माणूस मध्येच गप्प झाले, तर हातातले काम तिथेच टाकून दार ठोठावा.